बुडालेल्या शहराच्या कथा : न्यू ऑर्लिन्स, पडद्यावर आणि पुस्तकांत

शहरावर संकट येते ते दोन-चार दिवसांचे. त्याची कथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या समाजाला हे निराळे सांगावयास नको. नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलेल्या गलबताची परंपरागत कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ते वादळ किती तास चालले हे कोणी सांगत नाही, पण वाचलेली सात जोडपी मात्र सर्वांना ठाऊक असतात. म्हणजे संकटाच्या कथेत कोण वाचले, कोण गेले आणि पुढे काय झाले हेच शेवटी महत्त्वाचे ठरते. आणि ती कथा कोण सांगतो, यावर तिच्यात काय उरते हे अवलंबून असते.

आपल्या काळात ही कथा सांगण्याचे काम बरेचसे टेलिव्हिजनच्या मालिकांनी आणि रहस्य-कादंबऱ्यांनी उचलले आहे. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, चौकशी समितीचा अहवाल कपाटात जातो. मालिका व कादंबरी घरोघर पोचते. म्हणून त्यांनी काय दाखविले आणि काय दाखविले नाही, हे तपासून पाहणे हे इतिहासाचेच काम आहे. त्यासाठी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण घेऊ.

प्रथम घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदी आणि पाँचरट्रेन सरोवर यांच्यामध्ये वसलेले आहे. नदीकाठची जुनी वस्ती उंचावर. पुढे विसाव्या शतकात पंपांनी पाणी उपसून दलदल सुकविली आणि शहर सरोवराच्या दिशेने पसरले. त्यामुळे त्याचा बराच भाग परातीसारखा खोलगट आहे आणि भोवतीच्या बांधांवर त्याचे प्राण अवलंबून आहेत. सोमवार, २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याने नुकसान केलेच, पण शहर बुडाले ते बांध फुटल्यामुळे. सतराव्या रस्त्याचा कालवा, लंडन ॲव्हेन्यू कालवा व इंडस्ट्रियल कालवा यांच्या भिंती कोसळल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हे बांध बांधणारे अमेरिकन लष्कराचे इंजिनियर खाते. बांधांच्या आराखड्यातच दोष होते हे त्या खात्याने जून २००६ मध्ये जाहीरपणे मान्य केले. मृतांचा आकडा बरीच वर्षे १८०० हून अधिक सांगितला जाई. २०२३ मध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने तो सुधारून १३९२ केला.

मुंबईकरांना त्याच वर्षाची २६ जुलै आठवेल. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीने उपनगरे बुडविली. पण मुंबईचे पाणी काही दिवसांत ओसरले, आणि माणसे चिखल काढीत आपापल्या घरी परतली. न्यू ऑर्लिन्समध्ये पाणी कित्येक आठवडे राहिले आणि सबंध शहरच रिकामे करण्यात आले. माणसे ह्यूस्टन, अटलांटा अशा दूरदूरच्या शहरांत विखुरली. दारादारांवर शोधपथकांनी रंगाने मोठी फुली मारून तिच्या चार कोपऱ्यांत तारीख, पथकाचे नाव आणि आत सापडलेल्या प्रेतांची संख्या लिहिली. ही फुली पुढे या शहरावरच्या चित्रपट-मालिकांतून पुन:पुन्हा दिसते.

आता कथांकडे वळू. या शहराविषयीची पहिली कथा कोणा लेखकाने लिहिली नाही. ती अफवांनी लिहिली. सुपरडोम या प्रचंड क्रीडागृहात हजारो लोकांनी आसरा घेतला होता. तेथे खून पडताहेत, बलात्कार होताहेत, प्रेतांचे ढीग पडले आहेत, अशा बातम्या जगभर पसरल्या. शेवटी तेथे सहा मृत्यू झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांपैकी चार नैसर्गिक, एक अमली पदार्थांच्या अतिसेवनाने आणि एक आत्महत्या. ‘टाइम्स-पिकायून’ या स्थानिक वृत्तपत्राने महिन्याभरात, सप्टेंबर २००५ मध्येच, या बातम्यांतील फुगवटा दाखवून दिला. तोपर्यंत मात्र जगाच्या मनात ‘लुटारूंचे शहर’ हे चित्र पक्के बसले होते.

अशा चित्राची किंमत माणसे आपल्या जिवाने देतात. ४ सप्टेंबर २००५ रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार झाले व चौघे जखमी झाले. पोलिसांनी खोटे कागद रंगवून प्रकरण दडपण्याचा प्रयत्न केला. २०११ मध्ये पाच पोलिसांना ज्यूरीने दोषी ठरविले, २०१३ मध्ये तो निकाल रद्द झाला, आणि २०१६ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. नदीपलीकडच्या अल्जियर्स पॉइंट भागात काही गोऱ्या रहिवाशांनी बंदुका घेऊन नाकेबंदी केली व काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या, हेही एका पत्रकाराने २००८ मध्ये उजेडात आणले. जे दिसले ते लुटारू, जे बंदूक धरून उभे ते रक्षक, या समजुतीवर हे सारे घडले. म्हणजे कथा चुकीची असली की गोळीही चुकीच्या माणसाला लागते.

या पार्श्वभूमीवर कादंबरीकार पुढे आले. रहस्यकथा म्हटली की आपल्या वाचकांना बाबुराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड आठवतात. तेथे गुन्हेगार एक असतो, तो शेवटच्या पानांत सापडतो आणि जग पुन्हा सुरळीत होते. अमेरिकन रहस्य-कादंबरीची एक शाखा अशी आहे की तिच्यात गुन्हेगार सापडतो, पण जग सुरळीत होत नाही. शहरच आजारी असल्याचे वाचकाला कळून चुकते. न्यू ऑर्लिन्सला ही शाखा मानवली. टोनी डनबार याची कॅटरिनावरील वकील-नायकाची कादंबरी २००६ मध्येच आली. २००७ मध्ये ज्युली स्मिथ या लेखिकेने ‘न्यू ऑर्लिन्स न्वार’ हा गुन्हेकथांचा संग्रह संपादित केला. त्याचे दोन भाग पाडले आहेत : बांध फुटण्यापूर्वी आणि बांध फुटल्यानंतर. त्या शहराच्या माणसांनी काळाची मोजणीच तशी करावयास सुरुवात केली होती. संग्रहाच्या अनुक्रमणिकेत ती सहजपणे उतरली आहे.

याच वर्षी जेम्स ली बर्क यांची ‘द टिन रूफ ब्लोडाउन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बर्क हे त्याच मुलखाचे जाणते लेखक. त्यांचा नायक डेव्ह रोबिशो हा न्यू आयबीरिया या लहान गावचा पोलीस अधिकारी असून त्याला वादळानंतर न्यू ऑर्लिन्सला पाठविण्यात येते. कादंबरीत एक पाद्री लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये एका चर्चच्या माळ्यावर अडकलेल्या लोकांना छत फोडून बाहेर काढू पाहतो. त्याची नाव काही लुटारू पळवितात. तेच लुटारू पुढे श्रीमंत वस्तीत एका गुंडाचे घर लुटतात आणि तेथे त्यांच्यावर गोळी झाडली जाते. गोळी कोणी झाडली, हे रहस्य. पण पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात राहतो तो छतावर कुऱ्हाड चालविणारा पाद्री, आणि आपल्या हातून घडलेल्या पापाची भरपाई कशी करावी या विचाराने पछाडलेला एक तरुण लुटारू.

या कादंबरीचा दोषही सांगितला पाहिजे. तिच्यात काळे तरुण प्रथम समोर येतात ते लुटारू म्हणून. अफवांनी रंगविलेल्या चित्राला ही सुरुवात काही अंशी दुजोरा देते. तथापि बर्क तेथे थांबत नाहीत. ते त्या लुटारूला मन देतात, पश्चात्ताप देतात. आणि संतापाचा रोख मात्र माणसांना छपरांवर सोडून देणाऱ्या सरकारवर ठेवतात. एका गुन्ह्याचा तपास करीत असताना त्याहून मोठा गुन्हा कोणता, हे वाचकाला दिसत राहते.

साराह ग्रॅन या लेखिकेची ‘क्लेअर डिविट अँड द सिटी ऑफ द डेड’ ही कादंबरी २०११ ची. तिचे कथानक जानेवारी २००७ मध्ये घडते. एक सरकारी वकील वादळात बेपत्ता झाला आहे; त्याचा भाचा क्लेअर डिविट या विक्षिप्त स्त्री-गुप्तहेराला बोलावतो. अशा शहरात तपास करावा कसा? साक्षीदार परगावी गेलेले, घरे कुजलेली, कागद भिजलेले. ही कवीकल्पना नव्हे. टुलेन आणि ब्रॉड या रस्त्यांवरच्या फौजदारी न्यायालयाच्या तळघरात पुराव्याच्या वस्तू ठेवलेल्या होत्या आणि त्या खरोखरच पाण्यात बुडाल्या. लुइझियानाच्या कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यातही ठराविक मुदतीत, बहुधा ६० दिवसांत, रीतसर आरोप दाखल झाला नाही तर पकडलेल्याला सोडावे लागे, आणि त्या काळात असे अनेक जण सुटले. ज्या शहरात पुरावाच वाहून गेला तेथे न्याय म्हणजे काय, हा प्रश्न ग्रॅनबाईंनी नेमका हेरला. क्लेअरला सत्य सापडते, परंतु ते कोणालाच नको असते.

टेलिव्हिजनकडे येऊ. येथे दोन मालिकांची तुलना उद्‌बोधक आहे. पहिली ‘के-व्हिल’. ती फॉक्स वाहिनीवर सप्टेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबरातच बंद पडली. शहरातच चित्रण केलेली, दोन पोलिसांची, मोटारींचे पाठलाग व गोळीबार असलेली ही नेहमीच्या वळणाची मालिका. तिच्यातील एक पोलीस वस्ती सोडून न जाता शेजाऱ्यांना परत आणण्यासाठी धडपडतो, ही कल्पना चांगली होती. पण दर आठवड्याला एक गुन्हा व एक उलगडा या साच्यात ते शहर मावेना. गावकरी तिला हसले ते तिच्यातल्या ‘गंबो पार्टी’ या शब्दामुळे. गंबो हा त्या मुलखाचा घट्ट रस्सा. तो घरोघर होतो, पण गंबो पार्टी असा शब्द तेथे कोणी वापरीत नाही. आपल्याकडे एखाद्या मालिकेत कोणी ‘बिरड्याची पार्टी’ देऊ लागला तर जसे हसू येईल, तसे ते झाले. ज्यांचे सर्वस्व गेले ती माणसे एका शब्दासाठी एवढी हळवी का व्हावीत? कारण घर गेल्यावर घरातली बोली एवढीच काय ती त्यांच्या हाती उरली होती.

दुसरी मालिका ‘ट्रेमे’. एचबीओ वाहिनीवर ती ११ एप्रिल २०१० ते २९ डिसेंबर २०१३ या काळात चार पर्वांत, ३६ भागांत दाखविली गेली. ट्रेमे ही अमेरिकेतील काळ्या लोकांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. मालिकेचे जनक डेव्हिड सायमन आणि एरिक ओव्हरमायर. सायमन हे मूळचे बाल्टिमोरच्या वृत्तपत्राचे गुन्हे-वार्ताहर. ‘द वायर’ या त्यांच्या मालिकेने पोलीस-मालिकेचा साचा मोडला होता. असा मनुष्य न्यू ऑर्लिन्सला आला तेव्हा तो पोलीस-मालिकाच करील असे कोणालाही वाटले असते. पण त्यांनी नायक केले ते वादक, आचारी, दारूच्या गुत्त्याची मालकीण, वकील आणि प्राध्यापक यांना. कथा वादळानंतर तीन महिन्यांनी सुरू होते. पाणी ओसरले आहे, भिंतींवर बुरशीची नक्षी उठली आहे, आणि माणसे एकेक करून परतत आहेत.

तथापि मालिकेच्या पहिल्या पर्वाचा कणा एक तपासच आहे. लाडोना ही गुत्त्याची मालकीण आपल्या धाकट्या भावाला शोधते आहे. वादळाच्या तोंडावर त्याला वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यासाठी अटक झाली होती. त्यानंतर तो तुरुंगाच्या कागदपत्रांत हरवला. टोनी बर्नेट ही वकील बाई कचेऱ्यांमागून कचेऱ्या पालथ्या घालते. येथे गुप्तहेर नाही, पिस्तूल नाही. आहेत ते अर्ज, नोंदवह्या आणि ‘आमच्याकडे तशी नोंद नाही’ हे उत्तर. शेवटी भावाचे प्रेतच सापडते. पुरात शहराच्या तुरुंगातील कैद्यांना पाणी भरलेल्या कोठड्यांत सोडून दिले गेले होते, त्यांची नंतर राज्यभर पांगापांग झाली व कित्येकांचे कागद हरवले, हे इतिहासात नमूद आहे. एका बहिणीच्या शोधातून ते सारे प्रेक्षकाला कळते. खुनी कोण, या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देताच येत नाही.

बाकीची पात्रे अशीच निवडलेली आहेत. ॲल्बर्ट लॅम्ब्रो हा मार्डी ग्रास इंडियन मंडळाचा प्रमुख. हे काळे कष्टकरी वर्षभर मणी आणि पिसे टाचून भरजरी पोशाख शिवतात व सणाला मिरवितात. पडक्या घरात बसून तो सुई चालवितो. पुढे सरकारी चाळी धड असूनही रहिवाशांना बंद का, म्हणून तो तेथे ठिय्या देतो आणि पोलिसांचा मार खातो. या चाळींचा प्रश्न खरा होता; शहराच्या कौन्सिलने २० डिसेंबर २००७ रोजी अशा चार मोठ्या वसाहती, सुमारे ४५०० घरे, पाडण्यास मंजुरी दिली. क्रेटन बर्नेट हा प्राध्यापक पहिल्याच भागात एका परदेशी वार्ताहरावर उसळतो, कारण वार्ताहर त्याला नैसर्गिक संकट म्हणतो आणि प्राध्यापक मानवनिर्मित. पुढे हाच मनुष्य हताश होऊन फेरीबोटीवरून नदीत उडी घेतो. वादळाने न मेलेली किती माणसे वादळानंतर मेली, याची आठवण त्यातून राहते.

दुसऱ्या पर्वापासून शहरात गुन्हे परततात. खऱ्या शहरातही तसेच झाले. २००६-०७ च्या त्या हिवाळ्यात एक तरुण ढोलवादक आणि एक चित्रपट बनविणारी स्त्री, अशा दोघांचे थोड्याच दिवसांच्या अंतराने खून झाले, आणि ११ जानेवारी २००७ रोजी हजारो नागरिक नगरभवनावर चालून गेले. मालिकेने तो मोर्चा दाखविला. पोलिसांची दडपशाही उकरून काढणारा पत्रकार, आणि खात्यात एकटा पडलेला प्रामाणिक अधिकारीही तिच्यात येतात. पण गुन्हा हा शहराच्या जीवनाचा एक भाग म्हणून येतो. शहर म्हणजे गुन्हा असे होत नाही.

या मालिकेविषयी एक लहानशी हकीकत सांगण्यासारखी आहे. पहिल्या भागात एक आचारी स्त्री आपल्या पर्समधून ह्युबिग कंपनीचा पाय काढून गिऱ्हाइकाला वाढते. प्रत्यक्षात कथेच्या त्या तारखेपर्यंत तो कारखाना पुन्हा सुरू झालेला नव्हता. हे गावकरी पकडणारच, हे ओळखून सायमन यांनी प्रसारणाच्याच दिवशी ‘टाइम्स-पिकायून’मध्ये शहरवासीयांना उद्देशून पत्र लिहिले आणि अशी स्वातंत्र्ये का घेतली हे समजावून सांगितले. ज्यांची कथा आहे त्यांच्यापाशी लेखकाने असा हिशेब द्यावा, ही उत्तम रीत म्हटली पाहिजे. मालिकेत शहरातील अनेक वादक स्वत:च्याच नावाने वावरतात. मुख्य नट वेंडेल पिअर्स याच शहराचा, आणि त्याच्या आईवडिलांचे घर पुरात बुडालेले. एवढे असूनही मालिका संथ वाटली, प्रेक्षक फार लाभले नाहीत आणि शेवटचे पर्व पाच भागांत आटोपावे लागले. तथापि परत येण्याची कथा ही संथच असते, हे विस्थापित झालेल्या कोणालाही पटेल.

पुढे काळ गेला तसा सूरही बदलला. २०२२ मध्ये ‘फाइव्ह डेज ॲट मेमोरियल’ ही आठ भागांची मालिका आली. शेरी फिंक यांच्या २०१३ च्या शोधग्रंथावर ती आधारलेली आहे. पुराने वेढलेल्या मेमोरियल रुग्णालयात वीज गेली, उष्मा असह्य झाला, आणि नंतर तेथे ४५ मृतदेह सापडले. काही रुग्णांना इंजेक्शने देऊन मारले काय, असा संशय निर्माण झाला. ग्रँड ज्यूरीने २००७ मध्ये आरोप ठेवण्यास नकार दिला. मालिकेचे पहिले पाच भाग ते पाच दिवस दाखवितात आणि उरलेले तीन भाग चौकशी. प्रेक्षक चौकशीला पोचतो तेव्हा त्याने ते पाच दिवस सोसलेले असतात, म्हणून त्याला झटपट निवाडा देता येत नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रेक्षकाला त्या वॉर्डात उभे करावे, ही मांडणी मोठी समजूतदार आहे.

या सर्वांतून इतिहासाच्या वाचकाने काय घ्यावे? एक म्हणजे, अशा कथांत अफवेलाही जागा द्यावी लागते, कारण तिच्यामागे कधी कधी जुनी जखम असते. २००५ मध्ये लोअर नाइन्थ वॉर्डमधील कित्येक लोक बांध मुद्दाम सुरुंग लावून फोडला असे म्हणत. ते खरे नव्हते. पण १९२७ च्या महापुरात न्यू ऑर्लिन्स वाचविण्यासाठी केर्नारव्हन येथील बांध सरकारने खरोखरच सुरुंगाने उडविला होता आणि खालच्या गरीब मुलखात पाणी सोडले होते. आजोबांनी भोगलेले नातवाला खरे वाटते. ही गोष्ट सरकारी अहवालात मिळणार नाही. ती कादंबरीत, नाटकात मिळते.

दुसरे असे की गुन्हेकथेची म्हणून एक मर्यादा आहे. ती प्रेत असेल तेथेच थांबते. ज्या हजारो घरांत कोणी मेले नाही, परंतु सारे गेले, तेथे तिला काम नसते. लेकव्ह्यू भागातील बेथ इस्राएल या सिनेगॉगचेच पाहा. जवळच्या कालव्याच्या पाण्यात ते बुडाले. सात सेफर तोरा नष्ट झाले आणि त्यांचे धर्मरीतीने दफन करावे लागले. ती मंडळी मेटारीतील गेट्स ऑफ प्रेअर या दुसऱ्या पंथाच्या सिनेगॉगच्या आश्रयाने तफिल्ला करीत राहिली आणि २०१२ मध्ये त्यांच्या शेजारीच त्यांनी आपले नवे सिनेगॉग उभारले. येथे रहस्य नाही व गुन्हेगारही नाही, पण शहर पुन्हा उभे राहते ते अशाच कामांतून.

आणि तिसरे, माणसांच्या संख्येविषयी. २००० च्या शिरगणतीत न्यू ऑर्लिन्सची वस्ती ४,८४,६७४ होती. २०१० मध्ये ती ३,४३,८२९ भरली. मालिका आणि कादंबऱ्या बहुधा परत आलेल्यांच्या कथा सांगतात, कारण कॅमेरा आणि लेखणी शहरातच असते. जे लाखाहून अधिक कमी भरले त्यांतले पुष्कळजण ह्यूस्टनला वा अटलांटाला भाड्याच्या खोलीत नवे आयुष्य मांडून बसले. त्यांचे शहर त्यांच्याबरोबर गेले : स्वयंपाकात, बोलण्यात, सणाच्या दिवशी येणाऱ्या आठवणीत. एक गाव सोडून दुसऱ्या देशी येऊन वसलेल्या आपल्या वाचकांना त्या खोलीत काय चालत असेल, हे समजावून देण्याची गरज नाही. त्या न परतलेल्यांची मोठी कथा अजून लिहावयाची राहिली आहे.